दागिना नव्हे, दाणा तपासा

सबंध दागिनाच खोटा असला तर तो ओळखणं फार अवघड जात नाही. हातात घेतल्यावर वजन लागत नाही, मोत्याला पाणी नसतं, किंमत ऐकूनच शंका येते. फसगत होते ती खऱ्यांत चार-दोन खोटे मिसळलेले असले की. चिंचपेटीतले बहुतेक मोती अस्सल आणि टोकाकडचे पाच-सहा कल्चर, नवरत्नांच्या अंगठीत आठ खडे खरे आणि गोमेदाच्या जागी काच, बांगडीतल्या हिऱ्यांच्या ओळीत मधूनच प्रयोगशाळेत बनवलेले हिरे, असे हे दागिने असतात. त्यांच्यावरून आपली नजर एकदाच फिरते, खऱ्यांचं तेज पाहून समाधान पावते आणि पुढं जाते.

बहारीनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक बाजू इथल्या खरेदीची. दिवाळीच्या आधी, लग्नकार्य ठरल्यावर किंवा सुट्टीत गावी जाताना मनामाच्या सोनेबाजारात एक फेरी ठरलेली असते. दुसरी बाजू कपाटातल्या जुन्या दागिन्यांची. सासूबाईंची नथ, आजीचा तन्मणी, आईच्या मोत्यांच्या कुड्या हे सगळं कैक वेळा गाठवून आणि दुरुस्त करून आपल्यापर्यंत आलेलं असतं. त्यातले सगळे दाणे मूळचेच आहेत का, हे सहसा कुणी पाहिलेलं नसतं.

म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे. प्रत्येक दाणा, प्रत्येक खडा वेगळा बघा आणि शेजारच्याशी ताडून पाहा. मिसळ करणारा खऱ्याच्या आडोशाला खोटं लपवतो खरा, पण त्यामुळंच तुलनेला लागणारा खरा नमुना आपल्या हातात आयता येतो.

बहारीनचा मोती आणि इथला कायदा

मोत्याच्या बाबतीत बहारीनइतका काटेकोर देश क्वचितच सापडेल. १९३२ साली तेल लागलं, त्याआधी हे बेट मुख्यतः मोत्यांवर जगत होतं. उन्हाळ्यात होड्यांचे ताफे समुद्रातल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर जात आणि निघालेल्या मोत्यांचा मोठा वाटा मुंबईला येई. अरब मोतीव्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. तिथं मोत्यांची प्रतवारी होई, वेज पाडलं जाई आणि पुढं पॅरिस-लंडनकडे माल रवाना होई. आपल्याकडे ज्यांना बसरा मोती म्हणतात ते याच आखातातले. तेव्हा तुमच्या पणजीच्या नथीतला मोती बहारीनच्या आसपासच्या पाण्यातून निघाला असणं सहज शक्य आहे. मुहर्रकमधली मोतीव्यापाऱ्यांची घरं आणि समुद्रातले ते शिंपल्यांचे पट्टे २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

या धंद्याला उतरती कळा लागली ती १९२०च्या दशकात. जपानमधून गोल कल्चर मोती बाजारात आले, त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली. कल्चर मोत्यांमुळं युरोपातले जवाहिरेही इतके गोंधळले की १९२५ साली लंडनमध्ये रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा काढावी लागली. नैसर्गिक आणि कल्चर मोती वेगळे करणं हे तिचं पहिलं काम होतं.

हा घाव बहारीन विसरलेला नाही. कल्चर मोत्यांच्या व्यापाराला इथं कायद्यानं बंदी आहे. १९९० साली इथं मोती आणि रत्नं तपासणारी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि २०१७ मध्ये बहारीन इन्स्टिट्यूट फॉर पर्ल्स अँड जेमस्टोन्स, म्हणजेच ‘दानात’, ही संस्था उभी राहिली. नैसर्गिक मोत्यांच्या परीक्षणात तिचा शब्द जगभर मानला जातो.

ग्राहकानं यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कायद्याचं संरक्षण मिळतं ते परवाना असलेल्या दुकानात, पक्की पावती घेऊन केलेल्या खरेदीला. ओळखीच्या ओळखीतून, पावतीशिवाय घेतलेल्या ‘बहारीनी मोत्या’ला ते मिळत नाही. शिवाय भारतात कल्चर मोती खुलेआम आणि कायदेशीररीत्या विकले जातात. त्यामुळं गावाकडून आणलेल्या दागिन्यात खरे बसरा मोती आणि कल्चर मोती एकाच सरात असू शकतात.

खोट्याचे प्रकार

‘खोटं’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. त्या वेगळ्या ठेवल्या तरच दुकानदाराला नेमकं विचारता येतं.

पहिली निव्वळ नक्कल. माणकाऐवजी लाल काच, हिऱ्याऐवजी अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, मोत्याऐवजी लेप दिलेला काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी. दुसरा प्रकार कृत्रिम रत्नांचा. यात घटक द्रव्यं तीच असतात, फक्त रत्न जमिनीऐवजी यंत्रात घडतं. वर्नुई या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. म्हणजे दागिना शंभर वर्षांचा आहे एवढ्यावरून त्यातलं माणिक खाणीतलंच आहे असं म्हणता येत नाही. तिसरा प्रकार जोडखड्यांचा. वर खऱ्या रत्नाची पातळ चकती, खाली काच आणि मध्ये गोंद. चौथा प्रक्रिया केलेल्या रत्नांचा. रत्न खरं असतं, पण त्याच्या भेगा काचेनं किंवा तेलानं भरलेल्या असतात. पाचूला तेल देण्याची रीत जुनी आहे आणि व्यापारात ती मान्यही आहे. मात्र शिसेयुक्त काच भरलेलं माणिक साध्या माणकाच्या भावानं विकणं ही उघड फसवणूक आहे.

कल्चर मोती या चारांत नीट बसत नाही. तो शिंपल्यातच तयार होतो, त्याचा थर अस्सल असतो, पण सुरुवात माणसाच्या हातून झालेली असते. कल्चर म्हणून, कल्चरच्या भावात घेतला तर तो चांगला दागिना आहे. नैसर्गिक म्हणून गळ्यात मारला तर ती लबाडी आहे.

नथ हातात घेऊन

आता एखादी जुनी नथ घ्या. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. सोनाराकडे असतं तसं घडीचं भिंग सहज विकत मिळतं. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर नथ ठेवा. आधी भिंगाशिवाय सगळे मोती एका नजरेत पाहा. नैसर्गिक मोती एकमेकांशी जुळवलेले असले तरी हुबेहूब सारखे नसतात. कुणी किंचित चपटा असतो, कुणाच्या पाण्यात पिवळसर झाक असते, कुणावर गुलाबी. शेजाऱ्यांपेक्षा फार गोल, फार पांढरा किंवा फार चकचकीत दिसेल त्या मोत्यावर मनात खूण करा.

मग भिंग लावून प्रत्येक मोत्याचं वेज बघा. सगळ्यात जास्त बोलतं ते वेजच. काचेच्या मण्यावरचा लेप वेजाच्या कडेला खरवडलेला, पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो आणि आत वेगळ्या रंगाची काच डोकावते. कल्चर मोत्यात आत गोल मणी घातलेला असेल तर वेजाच्या भिंतीवर मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ सापडू शकते. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे एकावर एक थर असतात, अशी एकच ठळक सीमारेषा नसते. आणखी एक खूण म्हणजे जुन्या नैसर्गिक मोत्याचं वेज सहसा बारीक असतं. मोत्याची किंमत वजनावर ठरत असल्यानं कारागीर त्याचा कणही वाया घालवत नसत.

नथीतला लाल आणि हिरवा खडा शेवटी पाहा. लाल खड्यात गोल बुडबुडे आणि पाकासारख्या वळणावळणाच्या रेघा दिसल्या तर बहुधा काच. रेघा वक्र पण एकमेकींना समांतर असतील तर कृत्रिम माणिक असण्याची शक्यता मोठी, कारण खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात. कोंदणाकडेही लक्ष द्या. बाकी सोनं जुनं, मऊ झालेलं आणि एकाच खड्याभोवतीची कड ताजी, ओरखडलेली किंवा डिंकाचा थेंब लागलेली असेल, तर तो खडा नंतर बसवलेला आहे.

मोती दातावर हलकेच घासून पाहायची जुनी पद्धत आहे. अस्सल थर खरखरीत लागतो, लेपाचा मणी गुळगुळीत. पण कल्चर मोतीही खरखरीतच लागतो, कारण वरचा थर तोच असतो. म्हणजे या कसोटीनं नुसती नक्कल वेगळी काढता येते, नैसर्गिक कोणता ते कळत नाही. चिनी गोड्या पाण्यातल्या बऱ्याच कल्चर मोत्यांत आत मणीही नसतो, त्यामुळं वेजात रेघ सापडत नाही. तिथं भिंगाचं काम संपतं आणि क्ष-किरणांचं सुरू होतं.

मिसळ कुठं शोधायची

लांब सर असेल तर दोन जागा आधी बघा. एक फाशाजवळची टोकं. मानेमागं ती झाकली जातात, म्हणून तिथं हलका माल खपवला जातो. दुसरी जागा अगदी मधली. जुन्या व्यापारी पद्धतीत दुप्पट वजनाच्या मोत्याला चौपट किंमत येई. त्यामुळं सगळ्यात मोठा मधला मोती बदलला तर एकाच दाण्यात सगळ्यात मोठा फायदा होतो. कानातल्या जोडात डावं-उजवं शेजारी ठेवून ताडा. एका बाजूचा खडा हरवल्यावर जे मिळेल ते बसवलेलं असण्याचं प्रमाण मोठं आहे.

मागून बंद असलेल्या कोंदणावर विशेष नजर ठेवा. जडावाच्या कामात खड्यामागं चमकीचा पत्रा घालतात, तो रंग आणि तेज वाढवतो. ही कारागिरी जुनी आणि सुंदर आहे, पण त्याच पत्र्यामुळं काचही उठून दिसते. जोडखडा ओळखायचा तर तो वरून न पाहता बाजूनं पाहावा. कमरेशी सांध्याची रेघ, रंग एकाच थरात साठलेला किंवा गोंदातले चपटे बुडबुडे दिसतील. मागून उघड्या कोंदणाचा दागिना असेल आणि मोती नसतील तर क्षणभर पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात धरून बाजूनं बघा, थर अधिक स्पष्ट होतात. पत्रा लावलेला दागिना मात्र पाण्यात कधीच घालू नये.

रंगीत खडे पाहताना

माणिक दिव्याखाली हळूहळू फिरवताना आत निळसर झळाळी चमकून जात असेल, तर काच भरलेली असण्याची दाट शंका घ्या. अशा माणकाला लिंबाचा रससुद्धा बाधतो आणि दुरुस्तीच्या वेळी सोनाराची ज्योत लागली तर भरलेली काच खराब होते. पाचू अगदी निर्मळ आणि स्वस्त असेल तर तो पाचू नसण्याचीच शक्यता जास्त, कारण नैसर्गिक पाचूत भेगा आणि डाग जवळजवळ नेहमीच असतात. आखातातल्या दागिन्यांत फिरोजा खूप दिसतो. रंगवलेल्या पांढऱ्या दगडात रंग भेगांमध्ये गडद साचलेला असतो आणि मण्याच्या भोकात आतला पांढरा दगड दिसतो. पोवळ्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. काचेत आणि प्लॅस्टिकमध्ये त्या नसतात.

हिऱ्यांच्या ओळी

हिऱ्यात मिसळ होते ती बारीक दाण्यांत. मोठ्या हिऱ्याला स्वतंत्र अहवाल असतो, पण बांगडीत किंवा हारात जडवलेल्या शेकडो बारीक हिऱ्यांना तो नसतो. अमेरिकन डायमंड ओळखणं त्यामानानं सोपं. त्याच्या पैलूंच्या कडा हिऱ्याइतक्या धारदार राहत नाहीत आणि वापरानं झिजतात. मॉइसनाइट अधिक फसवा. दुकानातला उष्णता मोजणारा साधा पेन त्यालाही हिराच म्हणतो. मात्र भिंगातून किंचित तिरकं पाहिलं तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत.

प्रयोगशाळेत बनवलेला हिरा या सगळ्या कसोट्यांना उतरतो, कारण तो हिराच आहे. भिंग किंवा पेन यांपैकी कशानंही तो वेगळा काढता येत नाही. तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा खूप स्वस्त मिळतो, म्हणूनच न सांगता मिसळण्याचा मोह होतो. इथं उपाय दोनच, लेखी हमी आणि यंत्रावरची तपासणी. ‘एक-दोन दाणे तपासून दाखवतो’ यावर समाधान मानू नका. मिसळीच्या मालात एका दाण्याचा निकाल शेजारच्याला लागू होत नाही.

दुकानात काय मागायचं

सोन्यावरचा शिक्का फक्त सोन्याबद्दल बोलतो. बहारीनमध्ये २१ कॅरटचं सोनं फार चालतं, त्यावर ८७५ दिसेल. २२ कॅरटवर ९१६ आणि १८ कॅरटवर ७५०. भारतातलं हॉलमार्कही तसंच आहे. त्यातलं काहीही खड्यांची ग्वाही देत नाही. शिक्का पाहून खडेही खरे असणार असं गृहीत धरणं ही आपल्याकडे सर्रास आढळणारी समजूत आहे आणि ती महागात पडते.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर काचेचे पैसेही सोन्याच्या भावानं जातात. प्रत्येक जातीच्या खड्याचं नाव, संख्या, कॅरटमधलं वजन (एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम) आणि तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, त्यावर प्रक्रिया झाली आहे का, हे लिहिलेलं असावं. ‘ओरिजिनल’, ‘फर्स्ट क्वालिटी’, ‘प्युअर’ हे शब्द पावतीवर असून नसल्यासारखे. पावती अरबीत असेल तर नैसर्गिकसाठी ‘तबीई’ हा शब्द येतो, तो कुठे लिहिला आहे ते विचारून घ्या. प्रयोगशाळेच्या अहवालात खडा खोटा निघाल्यास दागिना परत घेऊ, ही अटही लिहून मागा. प्रामाणिक दुकानदार याला नाही म्हणत नाही. आणि तो नाही म्हणाला, तर खरेदीला घाई नाही हे स्वतःला सांगा आणि बाहेर पडा.

प्रयोगशाळेत कधी जावं

प्रत्येक दागिना तपासून घेण्याची गरज नाही. नैसर्गिक मोत्याचा भाव मोजत असाल, जुना दागिना विकायचा किंवा वाटणीत धरायचा असेल, किंवा एखाद्या दाण्यावर ठाम शंका असेल, तर तपासणीचा खर्च सार्थकी लागतो. बहारीनमध्ये दानात आहे. भारतात जयपूरची आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आणि मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. क्ष-किरण चित्रात मोत्याचे आतले थर दिसतात आणि आत मणी असेल तर तोही दिसतो. गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीज जास्त असतं, त्यामुळं क्ष-किरणांखाली तो चमकतो. खाऱ्या पाण्यातला मोती सहसा तसा चमकत नाही.

अहवाल हाती आला की तीन ओळी नीट वाचा. किती दाणे तपासले, कारण मोठ्या सरात काही वेळा निवडकच तपासले जातात. दागिना सुटा तपासला की जडवलेला, कारण बंद कोंदणात परीक्षकालाही मर्यादा येतात. आणि अहवालातलं छायाचित्र तुमच्याच दागिन्याचं आहे का. अहवाल क्रमांक प्रयोगशाळेकडे पडताळून घ्या. दुकानदारानं दाखवलेला अहवाल खरा असून तो दुसऱ्याच दागिन्याचा असणं, हीही एक जुनी युक्ती आहे.

घरी मात्र काही प्रयोग टाळा. तापवलेली सुई, लिंबू, व्हिनेगर, नेलपॉलिश काढायचा द्राव, काचेवर चरा पाडणं यातलं काहीही नको. मोती आणि पोवळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लानं ते झिजतं. तपासणीच्या नादात खरा दाणा खराब झाला तर तो परत येत नाही.

गाठवायला देताना

घरातल्या दागिन्यांत मिसळ होते ती बहुतेकदा गाठवताना किंवा दुरुस्तीत. दर वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. एखादा मोती फुटतो, कारागीर जवळचा दाणा घालतो, आपण विचारत नाही, तो सांगत नाही. म्हणून दागिना देण्याआधी पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी स्वच्छ उजेडात फोटो काढा. दाणे मोजा, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून घ्या आणि हे दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या. फुटलेला किंवा काढलेला दाणा परत मागा. शक्य असेल तर समोर बसून गाठवून घ्या. आपले जुने पटवेकरी तसंच काम करत असत.

तपासताना एखादा दाणा खोटा निघाला तर लगेच शेवटच्या सोनारावर ठपका ठेवू नका. तो बदल तीन पिढ्यांपूर्वीचाही असू शकतो. दाणा बदलायचा की तसाच ठेवायचा हा तुमचा निर्णय. मात्र त्याची नोंद ठेवा. प्रत्येक दागिन्यासाठी एक कागद करा. त्यावर फोटो, वजन, दाण्यांची संख्या, कोणता खडा तपासलेला, कोणता संशयाचा, कोणता बदललेला आणि कधी, एवढं लिहा. लेकीला किंवा सुनेला दागिना देताना हा कागदही द्या. आईनं दिलेलं म्हणून ती त्याची किंमत एरवी विचारणार नाही, आणि उद्या अडचणीत तो विकायला काढावा लागला तर परक्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा तिनं ते तुमच्याकडूनच ऐकलेलं बरं.